तेवीस माणसांची यादी

“माझ्या हातून आजवर फ्यूज उडालेला नाही,” राजाराम टेबलावर उभा राहून म्हणाला, आणि मिरजोळ्याचा तो जाळी विणायचा अख्खा कारखाना काळोखात गेला.

टेबल मैनाचं होतं. ती हजेरीपट भरत होती. नव्या वायरमनच्या नावाची शाई अजून वाळली नव्हती. यंत्रं थांबली. आतून चाळीस बायकांचा एकच “अगो बाय!” आला. मग सगळं शांत... आणि वरून आवाज, जरासा पडलेला.

“घाबरलात?”

“मी नाही. तुमचा पाय माझ्या हजेरीपटावर आहे.”

तो चटकन उतरला. पण फ्यूजकडे न जाता खिडकीशी गेला. नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. “बघा, दिवे गेले तसा गुरू दिसला. आणि तेरा डिसेंबरला तासाला साठ तारे पडणार आहेत. उल्का! चंद्रही लवकर मावळतोय. आठ जण, महिपतची मॅटॅडोर आणि पावसच्या वरचा सडा. नुसता कातळ, एक दिवा नाही. सगळं माझ्यावर सोडा.”

“आधी फ्यूज घाला,” मैना म्हणाली. काळोखात ती हसली होती. ते त्याला दिसलं नाही, याची चुटपुट तिला रात्रभर लागून राहिली.

कारखान्यातल्या बाकीच्या पोरी त्याला राजारामभाऊ म्हणत. मैना सकाळी हजेरी घेताना नुसतं “राजाराम” म्हणे.

“भाऊ गाळलंत तुम्ही,” एकदा तो म्हणाला.

“हजेरीपटावर लिहिलेलं नाही.”

“नकाच लिहू—” असं म्हणून तो कान लाल करून जो निघाला, तो पाना विसरून गेला.

एवढंच. याच्या पुढे गाडी जाईना. तारे, ग्रह, विजेचा दाब, सगळ्यावर तो घडाघडा बोलायचा. ज्याच्यावर बोलायचं तिथे मात्र त्याचाच फ्यूज जायचा. आणि इकडे दापोलीचं एक स्थळ चालून आलं. नोकरीवाला मुलगा, घरची हापूसची कलमं. रविवारी, पंधरा तारखेला, बघायला येणार होते. बघायला येणार म्हणजे पसंत करूनच जाणार, असं आप्पांनी, तिच्या वडिलांनी, धरूनच ठेवलं होतं. म्हणजे राजारामच्या हातात तेराची रात्र उरली होती. मैनाने त्याला ते मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, “सड्यावर... सड्यावर बोलतो.”

आता सड्यावर जायचं तर आप्पांची परवानगी हवी. आप्पा तीस वर्षं मुंबईच्या गिरणीत काढून आलेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“तारे आपल्या दारच्या खळ्यातून दिसत नाहीत?”

“तिथे सगळं आकाश एकदम दिसतं, आप्पा.”

“यमुना येत असेल तर जा.”

यमुनाबाई म्हणजे आप्पांची विधवा बहीण, मैनाची आत्या. ती म्हणाली, “मी एकटी कशी जाऊ गो? माझ्या भजनाच्या बायकांना विचारते.” बायकांनी सुना घेतल्या. सुनांनी मुलं घेतली. एवढ्या बायका जाणार म्हटल्यावर आप्पांना राहवेना, तेही निघाले. आठाचे तेवीस झाले. मैनाने यादी केली. पहिलं नाव राजाराम, शेवटचं आप्पा.

“उजेड अजिबात नको हां, आत्या,” राजाराम तीनतीनदा सांगून गेला. “काळोखच लागतो.”

“काळोखात दिसणार काय, माझं कपाळ?” आत्या म्हणाली, आणि तीन गॅसबत्त्या घासूनपुसून तयार ठेवल्या.

शुक्रवारी मॅटॅडोर आली. मैनाने बॅटरीच्या उजेडात हजेरी घेतली. “राजाराम?” “हजर!” असा काही ओरडला की महिपत ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला. मग तेवीस माणसं, टाळांची पिशवी, चहाचा स्टोव्ह आणि तीन बत्त्या एकमेकांच्या मांडीवर बसून सड्यावर पोचल्या.

तिथे काय? बत्त्या भक्क पेटल्या. कातळावर लग्नघर उभं राहिलं. स्टोव्हवर आधण चढलं. वर आकाश होतं, असं म्हणायचं.

“किती पडले रे?” आप्पांनी विचारलं.

“अजून... एकही नाही.” राजारामच्या हातात वही होती. त्याचा चेहरा बघवेना. मैनाला वाटलं, गेली ही रात्र.

पण खाडीवरून वारा सुटला. एक बत्ती वाऱ्याने गेली. दुसरीतलं रॉकेल संपलं. तिसरी राजारामने नीट करायला घेतली, म्हणजे तीही गेली.

आणि मग वर बघायची कुणाला गरजच पडली नाही. आकाश खालपर्यंत आलं होतं, अगदी कातळाला टेकलं होतं. एक रेघ सरकन गेली. मुलं ओरडली. राजारामने वहीत टिंब केलं. आत्याने मात्र हात जोडले.

“कुणाचा तरी जीव गेला गो,” ती हळूच म्हणाली. “माझी आई, सुंदराबाई.”

दुसरी रेघ गेली. शेजारची म्हणाली, “माझा थोरला. शिवा. दोन वर्षांचा होता.” तिसरी. “सासरे, बाबाजी.” कुणी ठरवलं नव्हतं. एकेक तारा तुटत होता आणि काळोखातून एकेक नाव येत होतं. टाळ पिशवीतच राहिले. एक तारा मोठा आला, हिरवट, अर्धं आकाश ओलांडून गेला. आत्याने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“आमचे,” एवढंच म्हणाली.

आत्याचे यजमान बावीस वर्षांपूर्वी गोदीत बोजा अंगावर पडून गेले होते. त्यांचं नाव तिने ते असताना कधी तोंडाने घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. बायकांना सगळं कळलं. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मैनाच्या बाजूला कातळावर हालचाल झाली. राजाराम येऊन बसला होता. मध्ये हातभर अंतर.

“मोजताय ना?” तिने विचारलं.

“एकोणीसला थांबलो. हे मोजायचं नाही.” तो वर बघत होता. पुढची रेघ गेली तेव्हा म्हणाला, “माझी आई. येसूबाई.” मैनाला माहीत नव्हतं. एवढ्या बडबडीत त्याने हे कधी सांगितलंच नव्हतं. तिने हात पुढे केला... आणि कातळावरच ठेवला, त्याच्या हातापासून बोटभर दूर.

“मैना, रविवारी—”

“बोला.”

“रविवारी, म्हणजे... ते दापोलीचे—”

“काय रे राजाराम, किती झाले?” आप्पांचा आवाज आला.

“एकोणीस!” राजाराम उठून उभा राहिला. सवयीने. झालं. पुढे चहा आला, मुलं झोपली, महिपतने गाडी चालू केली. तो काही बोलला नाही. आता बोलणारही नव्हता.

मॅटॅडोरच्या दाराशी मैना यादी घेऊन उभी राहिली. बॅटरी मिणमिणत होती. तिने पहिल्या नावावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं... मग सरकलं, दुसऱ्यावर. “यमुनाआत्या. काशी. हौसा.” ती एकेक नाव वाचत गेली, एकेक जण “हाय गो” म्हणत चढत गेला. शेवटी आप्पा.

“सगळे झाले,” ती म्हणाली.

“आणि राजाराम?” हौसाने आतून विचारलं. “त्याचं नाव नाय घेतलंस?”

“नाही घेतलं.”

“का गो?”

मैना खाली बघत राहिली. “आहेत ते,” म्हणाली.

आत एकही बांगडी वाजली नाही. मग आत्याने तोंडाला पदर लावला. हसली की रडली, ते बॅटरीत दिसलं नाही. बाजूला तीन विझलेल्या बत्त्या गोळा करत असलेला राजाराम होता तिथेच उभा राहिला. त्याला ते कळलं होतं. या माणसाला पहिल्यांदाच न सांगता काही कळलं होतं. मैनाने एकदा त्याच्याकडे बघितलं, नीट, आणि गाडीत चढली.

गाडी सड्यावरून उतरली. आप्पा पुढे महिपतच्या शेजारी बसले होते. ते काचेतून रस्ता बघत होते. मैना मागे यादीची घडी घालत बसली होती. आत्या तिचा हात सोडत नव्हती.

“उद्या दापोलीला तार करायला हवी,” आप्पा शेवटी म्हणाले. “येऊ नका म्हणून.”

आप्पांनी घसा खाकरला.

“बोलवा त्याला पुढे. बघू तरी, काय म्हणतो.”

महिपतने गाडी थांबवली. आतल्यांनी एकमेकांना चाचपून बघितलं. यादीत वाचलेली बावीसही माणसं हजर होती. राजाराम सड्यावर राहिला होता.