माझ्या पांघरुणात शिरलेली ती

माझा नवरा म्हणतो, गुंगीत माणसाला काहीही भासतं.

पण मला गुंगीचं इंजेक्शन दिलंच नव्हतं. पाठीत सुई टोचून फक्त छातीखालचं अंग बधिर केलं होतं. मी टक्क जागी होते. त्यामुळे तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, जे झालं ते मी शुद्धीत अनुभवलंय.

रात्रही नव्हती. रविवारची भर दुपार होती.

नवरा जहाजावर, भर समुद्रात. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा मीच बॅग उचलली आणि टॅक्सीत बसले. ड्रायव्हर माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

"ताई, माझ्या गाडीत नको हं! सीट कव्हर नवीन आहेत!"

त्या दिवसातलं माझं तेवढंच हसू.

हॉस्पिटलात तपासलं, तर बाळ आडवं होतं. लगेच सिझेरियन करायचं ठरलं. सोबत कोण आहे, असं तिघांनी विचारलं. तिघांनाही मी एकच उत्तर दिलं.

"कुणी नाही."

ऑपरेशन थिएटर गारठलेलं होतं. टेबल अरुंद, जेमतेम माझ्या अंगाएवढं. दोन्ही हात बाजूच्या फळ्यांवर पसरलेले. भूल दिल्यावर मला हुडहुडी भरली. दात थडथड वाजायला लागले.

"थांबा हं, आत्ता ऊब देते," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी माझ्या छातीवर आणि हातांवर कागदासारखं हलकं पांघरूण घातलं. त्याला एक नळी जोडली. मशीन घुरघुरलं आणि पांघरुणात गरम हवा भरली.

काय सांगू! कुणीतरी कुशीत घेतल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात उजव्या कानाशी कुणीतरी म्हणालं...

"सरक ना गं जरा."

बाईचा आवाज. दमलेला.

मला वाटलं, सिस्टर. पण सिस्टर समोर ट्रेपाशी उभ्या होत्या.

मग माझ्या उजव्या दंडाला काहीतरी टेकलं...

गार. बर्फासारखं गार.

मी मान वळवली. पांघरूण उजवीकडे उचललं गेलं होतं. कुणी कुशीवर झोपल्यावर खांदा दिसतो ना, तेवढं. पण तिथे टेबल नव्हतंच! हाताची फळी सोडली, तर तिथे नुसती पोकळी होती.

मी डावीकडे सरकायला गेले. छातीखालचं अंग हलेना.

"टेंपरेचर कसं काय उतरतंय?" माझ्या डोक्याशी बसलेले भुलीचे डॉक्टर पुटपुटले. त्यांनी नळीवर हात ठेवून पाहिला. "हवा तर गरम आहे... सिस्टर, सलाईनही गरम करून लावा."

आणि बाळ रडलं.

"मुलगी!" माझ्या छातीपुढच्या पडद्यापलीकडून सर्जनबाई म्हणाल्या.

पण मला आनंद व्हायला वेळच मिळाला नाही. पलीकडची बोलणी भराभर तुटक झाली.

"रक्त थांबत नाहीये."

"अंग गार पडलंय, म्हणून. आणखी एक ब्लँकेट आणा, लवकर!"

आणलं. अंगावर घातलं. तरीही माझी बोटं बधिर होत चालली. उजवीकडचा गारवा खांद्यावरून मानेपर्यंत चढला. सगळी ऊब ती ओढून घेत होती.

खरं सांगते, तेव्हा भीतीपेक्षा तिची कीवच आली. किती थंडी वाजत असेल हिला...

कानाशी पुन्हा आवाज आला. अगदी हळू.

"तुझं रडलं... माझंही रडलं होतं का गं?"

मला काय माहीत? ती कोण, केव्हाची, तिच्या बाळाचं काय झालं... काहीच माहीत नव्हतं.

पण मी म्हणाले, "हो. रडलं होतं."

पांघरूण सावकाश खाली बसलं.

गारवा गेला. बोटांना मुंग्या आल्या. थोड्या वेळाने सर्जनबाईंनी मोठा श्वास सोडला. "थांबलं एकदाचं."

संध्याकाळी भुलीचे डॉक्टर मला बघायला आले. नाडी पाहिली. जाता जाता दाराशी घुटमळले.

"तुम्ही आत 'हो, रडलं होतं' असं कुणाला म्हणालात?"

"मुलगी रडली ना, तेच."

"पण ती तर रडतच होती तेव्हा," ते म्हणाले. "तुम्ही 'होतं' म्हणालात."

माझ्याकडे एकटक बघत राहिले. मग दिवा लावून निघून गेले. रात्रभर मी आणि माझी मुलगी, दोघीच त्या खोलीत. मी तिला क्षणभरही पाळण्यात ठेवलं नाही.

आता ती शाळेत जाते. धडधाकट आहे. नवरा म्हणतो, विसर आता ते.

नाही विसरता येत.

कारण पांघरुणातल्या त्या बाईला धीर द्यायला मी खोटं बोलले. पण बाळ रडलं म्हणजे ते जिवंत होतं, असंच तिने धरलं असणार ना?

मग ती आता त्याला शोधत असेल...

एकटीच. तशीच गारठलेली.