सवयसही

सह्या, पासवर्ड, बोटांचे ठसे, सगळं कधीच मोडीत निघालं होतं. आता बँक माणसाला ओळखायची ती त्याच्या खर्चावरून. कोण कुठल्या वारी काय घेतो, कुठे हात सैल सोडतो, ही त्याची सवयसही. ती तीन वर्षं दिसली नाही, की माणूस गेला असं धरायचे.

सुमित्राबाई देवरुखकर अंदमानच्या बोटीचं तिकीट काढायला गेल्या, तर पडद्यावर आलं, 'खातेदार हयात नाहीत.' बोट सोमवारी सुटणार होती.

"मेलेलं माणूस इतकं भांडतं का गं?" त्या तरातरा भाचीकडे गेल्या. "बँकेचं हे तूच लिहिलंस ना? मग उठव मला!"

"मी फक्त लायब्ररी लिहिली, मामी," मृणाल म्हणाली.

"आता पुस्तकं ठरवणार होय?"

"पुस्तकांची नाही हो. आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांचा गठ्ठा. मसाल्याचा डबाच समजा. बँकेनं नव्यानं काही कुटायचं नाही. हा गठ्ठा खातं वाचतो आणि सांगतो, यामागे माणूस कोण."

तिनं मामा-मामींचं खातं वाचायला लावलं. दर गुरुवारी तपकीर. रविवारी जिलबी. दाढीची पाती. स्कूटरला पेट्रोल.

"मामी, याच्या मते मामा जिवंत आहेत!"

"असणारच. मी मरू दिलंय कुठे?"

नवरा गेल्यावर सुमित्राबाई साताऱ्याला नव्या घरी आल्या होत्या. बाई एकटी आहे हे कळायला नको, म्हणून त्यांनी नवऱ्याची खरेदी चालूच ठेवली. कुणी विचारलं, तर मालक वर झोपलेत. मालकांना पित्त झालंय. मालक वाघाशी झुंजले त्याच्या आठवणी लिहितायत. मालकांना कधी पाहिलं नव्हतं, तरी अख्खी गल्ली त्यांना टरकून होती.

"पण किराणा सोडला तर तुमचं स्वतःचं काहीच नाही यात."

"मला काय लागतंय?"

"तेच लायब्ररी म्हणतेय. सोप्पं आहे, मामी. पूर्वी आवडीनं घ्यायचात ते काहीतरी घ्या. एका खरेदीत ओळखेल ती."

"एवढंच ना!" पिशवी झटकून सुमित्राबाई थेट कोपऱ्यावरच्या दुकानात.

"काय देऊ, काकू?"

त्यांनी ऐटीत तोंड उघडलं. बरण्यांवरून नजर फिरवली. एकदा. मग पुन्हा, सावकाश. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

"तपकीर," त्या म्हणाल्या.

यंत्रानं क्षणात ओळखलं. पडद्यावर नवऱ्याचं नाव उमटलं.

"मालक बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय," सुमित्राबाई म्हणाल्या.