अनुभूत

स्मृतिसाक्षी यंत्राने श्रीकांत डोर्लीकरांची कबुली खरी ठरवली, त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी ते स्वतः त्या यंत्राच्या जन्मदात्रीला भेटायला आले. नागपूरच्या स्मृतिविज्ञान संस्थेतल्या आपल्या प्रयोगशाळेत डॉ. इरावती नाफडे यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"डॉक्टर, तुमचं यंत्र चुकलं," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

इरावतीने दार लावून घेतलं.

ती कबुली साऱ्या राज्याने पाहिली होती. नव्या कायद्यानुसार, खाजगी गैरवर्तनाचा आरोप असलेल्या लोकप्रतिनिधीला निवडणूक लढवायची असेल, तर स्मृतिसाक्षीसमोर बसून जाहीर कबुली द्यावी लागे. डोक्यावर जाळीची टोपी, समोर कॅमेरे. माणूस बोलत असताना यंत्र त्याचा मेंदू वाचायचं आणि पडद्यावर एकच शब्द उमटायचा. प्रत्यक्ष जगलेली आठवण असेल तर 'अनुभूत', जुळवलेली गोष्ट असेल तर 'रचित'. 'अनुभूत' आलं की लोक बहुधा माफ करत. खरं बोलणारा पुढारी त्यांना तोवर फारसा भेटलाच नव्हता.

जलसंपदामंत्री डोर्लीकरांवरचा आरोप एकोणीस वर्षांपूर्वीचा होता. उमरेडच्या पुढे कालव्याच्या रस्त्यावर त्यांची गाडी उलटली आणि वनमाला सातपुते नावाच्या शिक्षिकेचा मृत्यू झाला. त्यांच्या गाडीत ही बाई काय करत होती, याचं उत्तर तेव्हा कोणी दिलं नाही. आता वनमालाला त्यांनी लिहिलेली पत्रं बाहेर आली होती. म्हणून डोर्लीकरांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की तिच्याशी माझे संबंध होते, बायकोला मी फसवलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या सीटवर होतो, ड्रायव्हर शेषराव वाघाडे गाडी चालवत होता, आणि वनमालाने माझ्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला.

"यातलं खोटं काय?" इरावतीने विचारलं.

"संबंध होते, ते खरं. बाकी सगळं खोटं. शेषराव त्या गाडीत नव्हताच. मी चालवत होतो, ती माझ्या शेजारी होती. गाडी उलटली तेव्हा ती जिवंत होती. मी तिला तशीच सोडून गावापर्यंत चालत गेलो आणि शेषरावला फोन करून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत तास गेला. आम्ही परत पोचलो तेव्हा ती गेलेली होती. शेषरावने गुन्हा अंगावर घेतला. त्याच्या मुलीच्या शिक्षणाचं मी बघतो म्हणालो होतो. दोन वर्षं तुरुंगात काढली त्याने."

"मग आत्ता का सांगताय?"

"वनमालाच्या आईचा फोन आला होता. म्हातारी पंचाऐंशी वर्षांची आहे. म्हणाली, 'बाबा, तू खरं बोललास. निदान माझी पोर एकटी गेली नाही.'" डोर्लीकर आता खुर्चीत बसले. "पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. मी आत्ता तुम्हाला जे सांगितलं ते मला माहीत आहे, पण दिसत नाही. शाळेत पाठ केलेल्या सनावळीसारखं झालंय. आणि तिच्या डोक्याचं मांडीवरचं वजन... ते मात्र मला स्पष्ट आठवतं. जे झालंच नाही ते."

"या कबुलीची तयारी कशी केली होती तुम्ही?"

पक्षाने एक बाई नेमल्या होत्या, त्यांनी सांगितलं. भाषणाची तालीम घेणाऱ्या. दीड महिना, रोज दोनदा. डोळे मिटायचे आणि गाडीत बसायचं. सीटचा वास, शेषरावची पाठमोरी मान, काचेवरची धूळ. मांडीवरच्या डोक्याची कल्पनाही त्या बाईंचीच.

इरावती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. मग तिने समजावून सांगितलं.

"आठवण ही कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते, साहेब. ती मातीच्या भांड्यासारखी असते. आपण आठवलं की ती माती ओली होते, हाताळली जाते आणि पुन्हा सुकते. हाताळताना बोटांचे ठसे उठतात. एरवी ते इतके बारीक असतात की फरक पडत नाही. पण तुम्ही दीड महिना रोज ती ओली केलीत आणि मुद्दाम वेगळा आकार दिलात. माझं यंत्र ओळखतं ते इतकंच, की समोरचा माणूस आठवतोय की रचतोय. त्या दिवशी तुम्ही रचत नव्हता. आठवत होता."

"म्हणजे मी खोटं बोललो नाही?"

"तुमचा मेंदू खोटं बोलला नाही."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"एकदोन वेळा सांगितल्याने फरक पडत नाही, हे आम्ही तपासलं होतं. ऐंशी-नव्वद वेळा कोणी घोटून घेईल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आतापर्यंत तीनशे अकरा कबुल्या या यंत्राने खऱ्या ठरवल्या आहेत. त्या सगळ्यांनी तालीम केली असणार."

डोर्लीकरांना तीनशे अकरांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी हट्टच धरला, तेव्हा तिने त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली आणि खरी हकीकत पुन्हा सांगायला लावली. कालव्यापासून गावापर्यंतच्या चालण्याचं वर्णन करताना ते अडखळले. पाऊलवाट होती की डांबरी रस्ता, हे त्यांना सांगता येईना. पडद्यावर 'रचित' उमटलं.

"मग मी खऱ्याची तालीम करतो," ते म्हणाले. "तुम्ही करून घ्या. दीड महिना."

"यंत्र हो म्हणेल. पण तुम्ही चंद्रावर होता अशी तालीम केलीत तरी ते होच म्हणेल. त्या उत्तराला काय किंमत?"

"म्हातारीला तरी खरं कळेल."

"तिला कळेल ते तुम्ही आणि मी मिळून बनवलेलं असेल. नकली आठवणीवर मी सही करणार नाही."

त्याच दुपारी इरावतीने सरकारला पत्र लिहून यंत्रातला दोष कळवला. उत्तर लगेच आलं. समिती नेमली जाईल, तोवर जाहीर वाच्यता करू नये. तीनशे अकरांपैकी नऊ जण मंत्रिमंडळात होते.

डोर्लीकर मात्र थांबले नाहीत. पुढच्याच सोमवारी त्यांनी स्वतःहून दुसरी जाहीर कबुली मागितली. कायद्यात तशी सोय होती. आजवर कोणी ती वापरली नव्हती, एवढंच. पक्षाध्यक्षांनी फोनवर त्यांना वेडं ठरवलं, बायको समोरच बसून रडली. तरी ते कॅमेऱ्यासमोर बसले आणि म्हणाले, गाडी मी चालवत होतो, तिला जिवंत सोडून मी निघून गेलो, शेषराव निर्दोष आहे.

पडद्यावर 'रचित' आलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. शब्द बदलून, रडत, हात जोडून. पुन्हा 'रचित'. प्रत्येक वेळी तो शब्द आधीपेक्षा लवकर उमटला.

संध्याकाळच्या बातम्यांत त्यांच्यावर कोणी टीका केली नाही, उलट लोक हळहळले. आपल्या गरीब ड्रायव्हरचं नाव धुऊन काढण्यासाठी स्वतःवर खोटा आळ घेणारा असा पुढारी पाहिला नाही, असं लोक म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी बंगल्यासमोर हारतुरे घेऊन गर्दी जमली. वनमालाच्या आईने निरोप पाठवला होता, 'स्वतःला इतका त्रास करून घेऊ नको.'

डोर्लीकर मागच्या दाराने निघाले आणि थेट प्रयोगशाळेत आले. दाढी वाढली होती, सदऱ्याचं एक बटण तुटलं होतं.

"आता काहीच नाही का करता येणार?" त्यांनी विचारलं. "पाय धरतो तुमचे."

इरावतीने तोवर कायदा पुन्हा वाचून काढला होता. "एक वाट आहे. घटनेला दुसरा साक्षीदार असेल आणि त्याची वेगळी आठवण अनुभूत निघाली, तर पहिली कबुली रद्द होते. शेषराव जिवंत आहे ना?"

"आहे. तुरुंगातून आल्यावर त्याला कोणी गाडीवर ठेवलं नाही. ब्रह्मपुरीकडे एका राईस मिलवर चौकीदार आहे." डोर्लीकरांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. "त्याने तालीम कुठे केली? त्याला सगळं जसंच्या तसं आठवत असेल."

इरावतीने स्वतःची गाडी काढली. फिरतं यंत्र मागच्या सीटवर ठेवलं. दोन तासांच्या वाटेत डोर्लीकर सारखे बोलत होते. शेषराव आधी घाबरेल, मग सांगेल. त्याच्या मुलीला आपण भेटायला जाऊ. तिला शाळेत मुलं काय काय म्हणायची, ते त्याने एकदा सांगितलं होतं.

मिलच्या फाटकाशी बाजेवर शेषराव बसला होता. साठीचा, वाळलेला माणूस. साहेबांना बघून तो धडपडत उठला आणि पाया पडायला वाकला. डोर्लीकरांनी त्याला वरच्यावर धरलं.

"शेषराव, मी टीव्हीवर बोललो ते ऐकलंस ना? आता तू सांगायचं. घाबरू नको. गाडी कोण चालवत होतं ते या मॅडमना सांग."

शेषरावने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "साहेब, तुमी कायले सोताच्या अंगावर घेता? गाडी तं मीच चालवत होतो."

"आता कसली भीती आहे तुला? केस संपली."

"भीती नाही जी. आठवते मले. समोरून बैल आला, मी ब्रेक मारला, गाडी कालव्याकडं गेली. पायाखाली ब्रेक कसा दबला तेही आठवते."

"बैल नव्हता, शेषराव. पोलिसांना सांगण्यासाठी बैल मी काढला होता. तू घरी होतास, मी तुला फोन केला."

शेषराव कसनुसा हसला. "पोलिसांना सांगतलं, कोर्टात सांगतलं. जेलात रोज सांगतलं. घरी आल्यावर बायको म्हणे, 'तुमी नव्हते, खरं सांगा.' तिलेही हेच सांगतलं. बायको सोडून गेली तरी हेच. एकोणीस वर्सं रोज त्या बाईची माफी मागतो मी, साहेब. जे केलं नाही त्याची कोणी माफी मागते का?"

इरावतीने यंत्राची टोपी बाहेर काढली. चाचणीची गरज आहे असं तिला आता वाटत नव्हतं, पण डोर्लीकरांनी तिचा हात धरून ती शेषरावच्या डोक्यावर ठेवायला लावली. शेषराव शांतपणे बोलला, बैलापासून तुरुंगाच्या फाटकापर्यंत. एकदाही अडखळला नाही.

छोट्या पडद्यावर 'अनुभूत' उमटलं. इतकं झटकन आलेलं उत्तर इरावतीने प्रयोगशाळेतही क्वचितच पाहिलं होतं.

दोघं परतीच्या वाटेला लागले. ऊन कलत होतं. उमरेड मागे पडल्यावर डोर्लीकर म्हणाले, "त्याचं म्हणणं मला पटलं, डॉक्टर. तो बोलत होता तेव्हा मला बैल दिसला."

इरावतीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "दिसणारच. तुम्ही तो कित्येक वेळा सांगितलाय. पण गाडी तुम्ही चालवत होतात. तुम्हीच मला सांगितलंत, माझ्या समोर बसून."

"सांगितलं. ते आठवतं मला."

"मग?"

डोर्लीकर समोरच्या रस्त्याकडे बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत कावा नव्हता. आधारासाठी चाचपडणाऱ्या माणसाची नजर होती ती.

"मी जन्मभर खोटं बोलत आलोय, डॉक्टर," ते म्हणाले. "तुमच्याकडे आलो त्याच सकाळी खरं बोललो असेन, हे कशावरून?"