तळमजल्यावरच्या सदस्या

"तुम्ही मघापासून माझ्या ओठांकडे का बघताय?" मी विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला.

आमची पहिली भेट ही अशी. कुएन्का शहरातल्या आमच्या बस सहकारी संस्थेच्या कार्यालयात, जिन्याच्या पायथ्याशी. बाहेर रिमझिम चालू होती, वर पहिल्या मजल्यावर संचालक मंडळाची सभा नुकतीच संपलेली, आणि खाली व्हीलचेअरमध्ये मी… त्याच मंडळाची सदस्या, नुबिया तेनेसाका.

मी शाळेत गणित शिकवते. जानेवारीत मला प्रवाशांची प्रतिनिधी म्हणून मंडळावर घेतलं. हार घातले, फोटो काढले आणि पहिल्याच सभेला लक्षात आलं की सभागृहाला बावीस पायऱ्या आहेत. "आपली पोरं तुम्हाला उचलून नेतील की, बाई," अध्यक्ष रिगोबेर्तोसाहेब म्हणाले. एकदा नेलं. तिसऱ्या पायरीवर त्या पोरांचं फुटबॉलवरून भांडण जुंपलं. त्यानंतर मी खालीच थांबू लागले. सभा संपली की कोणीतरी इतिवृत्त घेऊन यायचं आणि मला सही मागायचं. मी सही द्यायची नाही. दर गुरुवारी हेच.

त्या गुरुवारी कागद घेऊन आला तो एफ्राइन. त्याच्या डाव्या कानात यंत्र होतं आणि नजर… काय सांगू, इतकं लक्ष देऊन माझं बोलणं वर्गातसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं.

"ऐकू येत नाही आणि तुम्ही इतिवृत्त लिहिता?"

"कायद्याप्रमाणे एक अपंग कर्मचारी हवा होता, म्हणून मला घेतलं. सहा महिने नुसते शिक्के मारले. आता लेखनिक बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून हे काम आलं. तसं सोपं आहे. सभेत काय ठरणार, ते मला आदल्या दिवशीच टाईप करून देतात."

मी डोळे मिटून घेतले. मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं.

"असं करू नका," तो म्हणाला. "तुम्ही मनात शिव्या दिल्यात तर मला कशा कळणार?"

"द्यायच्याच असतील तर सावकाश देईन. प्रत्येक शब्द नीट दिसेल असा."

तो हसला. मला राग आला, कारण हसल्यावर तो फार चांगला दिसत होता.

पुढचे तीन गुरुवार तो सभा सुरू व्हायच्या आधीच खाली यायला लागला. येताना गुलाबी ओर्चाताचे दोन पेले आणायचा. औषधी पाल्याचा तो गरम गरम वास, पावसाची ओल आणि आमचं बोलणं. बोलणं कसलं, कुरकुरच. आज कोणत्या बसवाल्यानं मला बघून न बघितल्यासारखं केलं, ते मी सांगायची. अध्यक्षांच्या मिशा इतक्या दाट आहेत की त्यांचं एक अक्षर वाचता येत नाही, ते तो सांगायचा.

"मग इतरांचं बोलणं तरी कळतं का?"

"ते कागदांकडे बघून बोलतात. माझ्याकडे तोंड करून बोलणारं या इमारतीत एकच माणूस आहे."

"आणि तेही चिडलेलं."

"चिडल्यावर तुमचे उच्चार फार स्वच्छ असतात," तो म्हणाला. मी पेल्यात बघत राहिले.

चौथ्या गुरुवारी त्यानं समोर ठेवलेला कागद मी दोनदा वाचला. बारा नव्या बसगाड्या घ्यायचं ठरलं होतं. उंच पायऱ्यांच्या, रॅम्प नसलेल्या. खाली लिहिलं होतं : सर्व उपस्थित सदस्यांनी एकमताने मंजुरी दिली. उपस्थितांत माझं नाव होतं.

"मी हजर होते?"

"असं टाईप करून आलंय."

"तुमचं काय म्हणणं आहे, एफ्राइन? टाईप करणाऱ्यांचं नाही विचारत मी."

त्यानं कागदाकडे बघितलं. मला वाटलं, नोकरीचा प्रश्न आहे, बिचारा काय बोलणार. त्यानं तो कागद घडी करून खिशात घातला, कोरा कागद काढला आणि जिन्याच्या कठड्यावर ठेवून लिहू लागला. मग मला वाचायला दिला.

'सभागृहात सातपैकी चार सदस्य होते. नुबिया तेनेसाका चार ते साडेपाच तळमजल्यावर होत्या. तेथे सभा झाली नाही. गणपूर्तीला पाच सदस्य लागतात. अध्यक्ष काय म्हणाले ते लेखनिकाला कळले नाही.'

खाली त्याची सही होती. या संस्थेत मीही पहिल्यांदाच सही केली.

वर बराच आरडाओरडा झाला म्हणे. त्याला अर्थातच तो ऐकू आला नाही. ती मंजुरी रद्द झाली आणि पुढची सभा खाली गॅरेजमध्ये, टायरांच्या राशीशेजारी घ्यावी लागली. मी दीड तास भांडले. चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं की रॅम्प असलेल्या गाड्यांचे दर मागवायचे. नुसते मागवायचे. एवढ्यासाठी माझा घसा बसला.

आणि एफ्राइनची बदली झाली. बसस्थानकावर, हरवलेल्या सामानाच्या खिडकीशी.

मला हे दहा दिवसांनी कळलं, तेही चौकीदाराकडून. तशीच निघाले. एक टॅक्सीवाला खुर्ची बघून निघून गेला, दुसऱ्यानं ती डिकीत आडवी कोंबली. खिडकीशी पोचले तेव्हा मी पेटलेलीच होते.

"कळवता येत नव्हतं?"

खिडकीचा कट्टा उंच होता. तो उठून बाहेर आला आणि कोणाचीतरी जुनी सुटकेस ओढून माझ्यासमोर तिच्यावर बसला. आता आमचे चेहरे एका पातळीवर होते.

"तुम्हाला वाटलं असतं, तुमच्यामुळे झालं."

"माझ्यामुळेच झालं. आणि मला विचारल्याशिवाय माझ्या वतीनं काही ठरवायचं नाही. ते करायला तिथे आधीच सहा जण आहेत."

"चुकलं."

"रविवारी जेवायला ये. आई मक्याचं मोते पियो करणार आहे. अंडं जास्त घालते ती, चालेल ना?"

त्यानं 'ये' बरोबर टिपलं. त्याचे कान लाल झाले.

"आईला काय सांगशील… मी कोण म्हणून?"

"सांगेन की हा मला आवडतो." मी एकेक शब्द सुटा करून म्हटलं. "कळलं? का परत सांगू?"

"कळलं," तो म्हणाला. "तरी परत सांग."

तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं. लोकरी शाल पांघरलेली एक म्हातारी उभी होती.

"तुमचं चालू द्या, पोरांनो," ती म्हणाली, "पण ती सुटकेस माझी आहे."

एफ्राइननं उठून तिची सही घेतली, सुटकेस दिली, दार उघडून धरलं. मग परत आला आणि सरळ माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला.