दोन उड्या

दार धाडकन आपटलं, टेबल हादरलं आणि लेझरच्या चिमट्यात धरलेला मणी निसटला.

"पळाला ना!" ती किंचाळली. पाण्याच्या थेंबातला तो धुळीच्या कणाहून बारीक मणी पकडण्यात तिची अख्खी सकाळ गेली होती.

"कोण पळाला?" दारातला नवखा गडबडला. "मी... गणित करायला आलोय."

तेव्हापासून तो प्रयोगशाळेचा 'गणिती' झाला. वर्षभरासाठीच आला होता. ठरल्या वेळात, कमीत कमी ऊर्जा खर्चून मणी इथून तिथे कसा न्यायचा, हे त्याने कागदावर काढायचं आणि तिने करून बघायचं. बघताना खांद्याला खांदा लागायचा, आणि दोघं मुकाट्याने पडद्याकडे बघत राहायची. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली गत!

"फार जपून नेतेस त्याला," तो एकदा म्हणाला.

"सावकाश नेलं की काही वाया जात नाही."

"काहीच नाही?"

ती लाजून चष्मा पुसायला लागली. आज नाही तर उद्या बोलू, घाई काय आहे...

त्याच्या आलेखात चिमटा सुरुवातीला एकदम उडी घेत होता, शेवटी पुन्हा एक. तिला ती चूक वाटली. इतक्या नाजूक जिवाला कुणी असा झटका देतं का? त्याला न विचारताच तिने दोन्ही उड्या पुसून रेघ सरळ केली. ऊर्जेचा खर्च काही केल्या उतरेना. आपलंच गणित चुकलं म्हणून तो झुरत राहिला.

वर्ष संपलं. तो निरोप घ्यायला आला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"तुझ्या आलेखातल्या उड्या मी पुसल्या होत्या."

त्याने पाठीवरची बॅग खाली ठेवली. दोघांनी उड्यांसकट प्रयोग केला. खर्च झरकन उतरला.

"वेळ हवा तेवढा असता, तर तुझंच खरं होतं," तो हळूच म्हणाला. "पण वेळ मोजका असला की पहिली उडी घ्यावीच लागते."

"मला तू आवडतोस," ती म्हणून गेली. "दार आपटलंस ना... तेव्हापासून."

वरातीमागून घोडं ते हेच.

तो खाली ठेवलेल्या बॅगेकडे बघत म्हणाला, "इथली कायमची जागा मिळत होती मला. गेल्याच महिन्यात नाही म्हणालो. वाटलं, तुझ्या मनात काही नसेल. मी तरी कुठे विचारलं? गणित तर माझंच होतं!"

दुसऱ्या शहरातली नोकरी पक्की झाली होती, गाडी खाली उभी होती. त्याने तिचा हात घट्ट दाबला आणि सोडला.

जाताना त्याने दार अगदी अलगद ओढून घेतलं. मणी जागचा हललासुद्धा नाही. तिला वाटलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.