धुरकट अक्षरं

लालबागेतल्या केळी पिकवायच्या चेंबरचं दार हमालांनी उघडलं, तेव्हा तिथला कामगार कडू दाराशीच पालथा पडला होता. अंग गार पडलेलं.

थानेदार अलका महाजन पोचली तोवर कडूची बायको मालूबाई फोपनार गावाहून आली होती. ती रडत नव्हती. ऑफिसच्या दाराला टेकून नुसती उभी होती.

टेबलावर कॉम्प्युटरचा नवा, भला मोठा फोर-के स्क्रीन होता.

"चेंबरातला ऑक्सिजन कमी झाला की त्यावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये लाल पट्टी येते ना?" अलकाने मॅनेजर दिगंबरला विचारलं.

"येते मॅडम, पण एकदम खाली. हे बघा, खालचा भाग स्क्रीनच्या बाहेरच जातो. मले दिसलीच नाही."

"बाहेर का जातो?"

"नव्या स्क्रीनवर अक्षरं मुंगीएवढी दिसायची. म्हणून मागच्या हप्त्यात स्केलिंग वाढवलं, सगळंच मोठं दिसावं म्हणून."

"कॉम्प्युटर चालू कधी केला?"

"आज सकाळी. प्रोग्राम बी तेव्हाच. मग कडू आत गेला. त्यानंतर हात बी नाही लावला."

"इथं ऑफिसात आणखी कोण होतं?"

"कोनी नाही. मी एकटाच."

अलका स्क्रीनवर वाकली. घड्याळ, फोल्डरांची नावं रेखीव होती. प्रोग्रामची अक्षरं तेवढी धुरकट, ओल्या काचेतून पाहिल्यासारखी.

तिने फोटो काढले. पंचांसमोर लॉगआऊट करून पुन्हा लॉगिन केलं, प्रोग्राम उघडला. अक्षरं लख्ख!

"दिगंबरभाऊ, तुम्ही खोटं बोललात."

"मॅडम, मी..."

"स्केलिंग आधीपासून मोठं असतं, तर सकाळीच अक्षरं अशी स्वच्छ आली असती. प्रोग्राम चालू असताना ते वाढवलं, की कॉम्प्युटर जुनंच चित्र ताणून मोठं करतो. म्हणून अक्षरं धुरकट होती. म्हणजे सकाळी स्केलिंग लहान होतं, सगळी विंडो स्क्रीनवर मावत होती. लाल पट्टी तुम्हाला दिसली. कडू मेल्यावर तुम्ही स्केलिंग वाढवलंत, ती लपवायला."

दिगंबरने माऊस बाजूला सारला.

"पंखा अडकला होता, म्हणून त्याला आत पाठवलं. केळी पिकवायचा गॅस सुटू नये म्हणून बाहेरून कडी घातली. लाल पट्टी आली... पण दार उघडलं असतं तर सगळा माल बिघडला असता. वाटलं, होईल त्याचं काम, मारील हाक."

"मारली का त्यानं हाक?" दारातून मालूबाईने विचारलं.



"दार वाजवत होता," दिगंबर म्हणाला. "मग थांबला."