नावाला वळते

राजेश्वरीचं पत्र येऊन तीन महिने झाले होते आणि अंगदनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र दुकानातल्या टेबलाच्या खणात होतं. 'फोनवर मला रडू येईल, म्हणून लिहितेय,' अशी त्याची पहिली ओळ. आणि शेवटी एक प्रश्न — 'मनू नावाला वळली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं, या हातानं लिहिलं. मग माझं चुकलं कुठं? तुम्ही तिथंच होता. एवढं सांगाल?'

सांगता फक्त त्यालाच येत होतं. आणि तेवढ्यासाठीच लिहिता येत नव्हतं...

पारनेर तालुक्यातल्या त्या गावात अंगणवाडीसमोर त्याचं मोटारी आणि पंखे दुरुस्तीचं दुकान. तपासणीच्या त्या दिवशी भाऊ मच्छिंद्र टेम्पो घेऊन बाहेरगावी होता, मोनिकावहिनी कांदा काढायला गेली होती. म्हणून वीस महिन्यांच्या पुतणीला, मनूला, तोच तपासणीला घेऊन गेला. आरोग्य पथकातल्या नव्या मॅडम, राजेश्वरी, प्रश्नांचा कागद मांडून बसल्या होत्या.

"तुम्ही वडील?"

"न्हाई, काका. माझं लग्न न्हाई झालेलं."

"ते मी विचारलं नव्हतं," राजेश्वरी म्हणाली — आणि कागदात डोकं घालून हसली. अंगदच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मनूचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. डब्याचं झाकण ती एकसारखी गरगरा फिरवत होती.

"या वयाचं मूल हाकेला वळतं, हवं ते बोटानं दाखवतं," राजेश्वरी सांगत होती. "तसं नसेल तर लगेच मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं. लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं."

अंगदला त्यातलं शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही. त्याच्या कानात आदल्या संध्याकाळचं आईचं, गोजरबाईचं बोलणं घुमत होतं. "पोरगी खुळी हाय असं कागदावर लागलं, तर मोनिकानं तिला घिऊन म्हायेरची वाट धरावी." वहिनी तेव्हा भाकरी थापत राहिली होती. भाकरीवर काय पडत होतं, ते अंगदनं पाहिलं होतं.

राजेश्वरी मनूच्या पाठीमागं बसली. अंगद तिच्याही मागं उभा.

"मनू!"

झाकण फिरत राहिलं.

"मनू..."

अंगदचा हात खिशात गेला. त्यानं बिस्किटाच्या पुड्याचा कागद हळूच चुरगाळला. वजनकाट्यावर कुणाचं तरी पोर टाहो फोडत होतं, त्यात राजेश्वरीला कागदाचा आवाज कळला नाही. मनूला कळला. तिनं झटकन मान वळवली.

"वळली!" राजेश्वरीचा चेहरा असा उजळला, की अंगदला त्या घडीला आपण काहीतरी चांगलंच केलं असं वाटलं. "आणि बोटानं दाखवते का?"

"व्हय... दाखवती की."

दर महिन्याला पथक यायचं. अंगणवाडीतला पंखा बंद पडायचा आणि राजेश्वरी तो घेऊन समोर यायची.

तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "खरं सांगा, हा मुद्दाम अर्धवट दुरुस्त करता ना?"

"पुरता केला तर तुमी कशाला येताल?"

"बोलायला!" ती पटकन बोलून गेली. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत रस्त्याकडं बघत राहिली. त्या दिवशी चहा निवून गेला आणि दोघांनी तो तसाच, घोट घोट करत, पाऊण तास पुरवला.

तेव्हा सांगायला हवं होतं. रोज सांगायला हवं होतं. पण ती हसली की त्याला वाटायचं — आज नको. आजचा दिवस आपला असू दे. आणि मनू मोठी होत होती, न बोलता.

ती चौतीस महिन्यांची झाली तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्वमग्नता. "उपचार आजपासून सुरू करू, पुष्कळ फरक पडेल," ते म्हणाले. आणि मग हलक्या आवाजात, "वर्षभर आधी आला असता तर..."

आपलीच नोंद चुकली असं धरून राजेश्वरीनं तपासणीचं काम सोडलं. बदली मागून अकोल्याला गेली, नोंदींच्या टेबलावर. तिथून आलं ते हे पत्र.

आज पथक पुन्हा आलं होतं. राजेश्वरीच्या जागी आलेल्या बाईंनी शेजारच्या शमशेरच्या दीड वर्षाच्या मलिकाला हाक मारली. मलिका ढिम्म. आणि बाईंच्या मागं उभ्या शमशेरनं हळूच चुटकी वाजवली.

दुकानातून अंगद धावतच आला. "शमशेरभाई, हात खाली घ्या."

"अरे, घरात बोलतील रे लोक..."

"बोलू द्या. मी असंच केलं हुतं. मनूचं वरीस गेलं."

नव्या बाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. शमशेरनं हात मागं घेतला. बाईंनी पुन्हा हाक मारली, थांबल्या, आणि जे दिसलं तेच लिहिलं.

ही गोष्ट घरी पोचायच्या आत अंगद घरी पोचला. मोनिका मनूसमोर रंगीत वाट्या मांडून बसली होती. त्यानं उंबऱ्यातच सगळं सांगितलं. पुडा, कागद, सगळं.

मोनिकानं हातातली वाटी खाली ठेवली.

"चौदा महिने, भावजी," ती म्हणाली. "मॅडमनं तर चांगलं लिवलं हुतं, मग माझंच काय चुकतंय, म्हणून मी रोज पोरीला रागं भरत हुते. एकदा... मारलं बी."

"वहिनी, मी तुमच्यासाठीच —"

"माझ्यासाठी आईच्या म्होरं बोलायचं हुतं. तेवढं जमलं न्हाई तुमाला."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "जावा. आदी मॅडमला लिवा. ती बी अशीच जळत असंल."

अंगदनं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि बसला. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं —

'तुमचं काहीच चुकलं नाही. त्या दिवशी मनू तुमच्या हाकेला वळली नव्हती, माझ्या खिशातल्या आवाजाला वळली. बोटानं दाखवते, हेही खोटं सांगितलं. हे पत्र तुमच्या साहेबांना दाखवा आणि पुन्हा मुलं तपासा. आज इथं एका पोरीसाठी तुम्ही हव्या होता. मला तुम्ही आवडत होता, म्हणून गप्प बसलो. आवडता अजूनही. पण त्यावर काही मागायचा हक्क मी ठेवलेला नाही. — अंगद'

टपाल कार्यालयाच्या भिंतीवरच्या पेटीपाशी तो उभा राहिला. पाकीट अर्धं आत होतं, अर्धं बोटांत. हे वाचल्यावर ती आपलं नावही घेणार नाही, हे त्याला माहीत होतं.

त्यानं बोटं सोडली.